गच्चीच्या दुरुस्तीला देणगीदार मिळत नाही

शाळेने महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी म्हणून मनोगत मागितलं तेव्हा ‘पाया’ आणि ‘भक्कम इमारत’ हे शब्द वापरायचे नाहीत, असं आधीच ठरवून टाकलं. बिल्डरने शाळेवर लिहायचं म्हटलं की लोक त्याचीच वाट बघत असतात.

मी अभ्यासात बेताचाच. भूमिती मात्र जमायची. आमचे सर क्षेत्रफळ फळ्यावर नाही, मैदानावर शिकवायचे. हातात टेप आणि फक्की द्यायचे, वेड्यावाकड्या तुकड्याचे त्रिकोण पाडायला लावायचे आणि दोन गटांची उत्तरं जुळेपर्यंत कुणाला हलू देत नसत. पुढे जमिनीच्या व्यवहारात शिरलो तेव्हा १०८९ चौरस फुटांचा गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर हा हिशेब कधी अडला नाही.

सुरुवात एजंटगिरीने झाली. सातबारा वाचायला तिथेच शिकलो. नवखा माणूस मालकाचं नाव आणि क्षेत्र बघतो. मुरलेला आधी त्यावरचा ‘इतर अधिकार’ हा रकाना बघतो. कूळ, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, बहिणींचे हक्क, सगळी भानगड तिथे असते. मग एकेक फेरफार, म्हणजे मालकी-हक्कातल्या बदलाची नोंद, काढत मागे जायचं. कंटाळवाणं काम आहे, पण या धंद्यातली निम्मी अक्कल त्यातच आहे.

स्वतःच्या स्कीम सुरू झाल्या, मोठ्या झाल्या. त्यात सांगण्यासारखं फार नाही. १ मे २०१७ ला रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, पूर्णपणे लागू झाला तेव्हा मात्र आमच्या मंडळींनी बरीच बोंब मारली. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच प्रकल्पाच्या जमिनीला व बांधकामालाच वापरायचे! मला तो कायदा पटला. एका स्कीमचे पैसे दुसरीच्या जमिनीत घालायचे आणि पहिली रखडवायची, हा प्रकार सर्रास चालायचा. ताबा लटकवून, कन्व्हेयन्स न देता, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर न करता, मंदिराला कळस चढवणाऱ्याला मी दानशूर म्हणत नाही.

मजुरांचंही तसंच. १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला, बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर आम्ही भरतोच. त्यातून बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती देतं. पण नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो लिहून द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतात. म्हणून आमच्या ऑफिसात हजेरीपटावरून दाखले बनवणं आणि फॉर्म भरणं एवढंच काम करणारी एक व्यक्ती ठेवली. आमच्या एका सेंट्रिंगवाल्याची मुलगी त्या शिष्यवृत्तीवर पॉलिटेक्निक करतेय. मला यात खर्च जवळजवळ काहीच नाही.

महोत्सवानिमित्त शाळेने सभागृहासाठी विचारलं, नावासकट. मी म्हटलं, आधी गच्ची दाखवा. पावसाच्या पाइपाच्या तोंडात पतंगाचे कागद, पालापाचोळा आणि एक टेनिसचा चेंडू. पाणी साचून कोब्यातून, म्हणजे गच्चीवरच्या थरातून, स्लॅबमध्ये मुरलेलं. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट फोडते. सहावीच्या वर्गात छताचे पोपडे पडत होते ते त्यामुळे. नवीन इमारतीला पैसे मिळतात, कारण तिथे कोनशिला बसते. वॉटरप्रूफिंगवर नाव कुठे कोरणार?

गच्चीचं काम झालं. सभागृहाचे पैसे कायम ठेवीत टाकले. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याज फक्त दुरुस्तीवर खर्च करायचं, अशी अट लेखी घालून घेतली. समितीतले एक जण थोडे नाराज झाले. मी बिल्डर आहे, मला नाराजीची सवय आहे.

आता दर मे महिन्यात, पावसाआधी, पाहणी करायची असं ठरलंय. गच्ची, पाण्याची टाकी, मुलींची स्वच्छतागृहं आणि वायरिंग. माजी विद्यार्थ्यांमध्ये प्लंबर आहेत, वायरमन आहेत, दोन-तीन इंजिनिअरही आहेत. ज्यांना एक रविवार देणं जमेल त्यांनी मुख्याध्यापकांकडे नाव नोंदवावं. शिडी माझ्याकडून.