आमची वाटचाल : गावभागातलं वर्खकाम

आमचं काम सोन्याचा वर्ख चढवण्याचं. देव्हारे, पालख्या, मखरं, प्रभावळी, जुन्या तसबिरींच्या चौकटी. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सांगलीत गावभागात दुकान थाटलं तेव्हा जवळ कातड्याची गादी, वर्ख कापायची सुरी आणि वर्ख घासून तेज आणायचा, खंबातच्या अकीक दगडाचा घोटा एवढंच होतं. तो घोटा आज माझ्या हातात आहे. कुत्र्याच्या सुळ्यासारखा वाकडा, दोन पिढ्या घोटून घोटून आरशासारखा झालेला. मधल्या वर्षांचं काय सांगायचं? काम येत गेलं, होत गेलं. सांगायचंय ते २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराचं.

जत तालुक्यातल्या एका गावची सागवानी पालखी तेव्हा आमच्याकडे होती. तेलावरचा, म्हणजे तेलाच्या लेपावर नुसता चिकटवलेला वर्ख नको, घोट्यानं घोटलेलाच हवा, असा गावाचा आग्रह. माझाही जीव त्याच कामात. सरस आणि खडूच्या पुडीचे दहा हात, दर हातानंतर पॉलिश पेपर, त्यावर लाल मातीचं अस्तर, मग पाणी फिरवून वर्ख. दहा हजार पानं एकावर एक ठेवली तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल, इतका तो पातळ. पंखा बंद, बोलणं बंद, श्वाससुद्धा तोंड वळवून सोडायचा. घोटा कधी लावायचा हे खरं कसब. ओल जास्त असली तर वर्ख फाटतो, पार सुकला तर तेज चढत नाही. पावसाळ्यात ती वेळ मध्यरात्रीही येते, तेव्हा उठून बसावं लागतं. तीन महिने असे गेले. दांडीचं एक टोक तेवढं राहिलं होतं.

आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण आहे. तिच्या हातभर वर फळ्या ठोकून पालखी चढवली आणि आम्ही निर्धास्त झालो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. खूण बुडाली, फळ्याही बुडाल्या. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर पालखीवरचा लेप पिठल्यासारखा ओघळलेला. घोटा चिखलात सापडला. कुंचले, वर्खाची पानं ठेवलेल्या वह्या, सगळं गेलं.

त्याहून लागलं ते बोलणं. आमच्याच धंद्यातल्या एकानं गावोगाव सांगितलं, ‘यांचं सोनं पुरात विरघळलं, म्हणजे खोटंच होतं.’ अहो, विरघळला तो सरस! सोनं पाण्यात विरघळत नाही, हे सोनाराचं पोरसुद्धा सांगेल. आणि हे बोलणारा माणूस स्वतः तांबं-जस्ताचा पितळी वर्ख सोन्याच्या नावावर खपवतो. तरी ठरलेली दोन मखरं आमच्याकडून काढून त्याला दिली गेली.

जतहून मास्तर आले. पालखीचा व्यवहार तेच बघायचे. त्यांच्या गावाला तेव्हा टँकरनं पाणी, आणि इथं आमची ही दशा. त्यांनी चिखल तळहातावर घेऊन बोटानं पसरला, उन्हात धरला. कण चमकले. ‘सोनंच आहे. काम पुन्हा करा, घाई नाही,’ म्हणाले आणि वर्खाचे पैसे दुसऱ्यांदा मोजून दिले. त्या पैशांवर दुकान उभं राहिलं.

विचारलं नाहीत तरी सांगतो. घोटलेल्या कामाला ओलं फडकं कधी लावू नका, कोरड्या मऊ कुंचल्यानं धूळ झटका. उघड्यावर ठेवायच्या वस्तूला तेलावरचाच वर्ख घ्या. काम देण्याआधी वर्खाचा एक तुकडा मागून घ्या आणि सोनाराकडे त्यावर नायट्रिक ॲसिडचा थेंब टाकून बघा. पितळ हिरवं होऊन विरतं, सोनं जसंच्या तसं राहतं.

जतची पालखी दरवर्षी निघते, मी जाऊन बघून येतो. त्या दोन मखरांपैकी एक काळं पडलंय. तिथल्या कमिटीचा फोन मला अजून आलेला नाही.