अण्णांची गोळी आणि दाव्याला बांधलेलं मरण

आमच्या येळ्ळूरच्या घरात सध्या दर सोमवारी एकच विषय असतोय, आज गोळी वाढली काय. अण्णांना सीएलएल आहे, म्हणजे रक्ताचा एक सावकाश वाढणारा कॅन्सर, आणि डॉक्टरांनी व्हेनेटोक्लॅक्स सुरू केलंय. पहिला आठवडा २० मिलिग्रॅम, दुसरा ५०, तिसरा १००, मग २००, मग ४००. गोळी सुरू व्हायच्या दोन दिवस आधीपासून रोज दीड-दोन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, आणि गोळी वाढली की त्याच दिवशी रक्त तपासायला बेळगावला, दुसऱ्या दिवशी परत. अण्णा वैतागून म्हणाले, "औषध एवढं चांगलं हाय तर पहिल्या दिवशीच पुरं का देईनात गं?"

त्या प्रश्नापायी मी रात्र रात्र वाचत बसले, आणि जे कळलं ते लिहून ठेवायचंच होतं.

आपल्या अंगातल्या पेशी रोज अब्जांनी मरतात आणि ते मरण ठरवून असतं. पोटातल्या बाळाची बोटं आधी पडद्याने जोडलेली असतात, मधल्या पेशी मरतात म्हणून बोटं सुटी होतात. हे सांगितल्यावर अण्णा लगेच म्हणाले, "म्हंजे भाताच्या वाफ्यात बेडकाच्या पिल्लाची शेपटी जाती तसं?" अगदी तसंच. १९७२ साली या मरणाला नाव दिलं ॲपॉप्टोसिस, ग्रीक शब्द, अर्थ पानं गळणं. एका मिलिमीटरभर किड्यावर अभ्यास झाला, त्याच्या वाढीत शरीराच्या १,०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ मरतात, आणि दर किड्यात त्याच १३१. त्या कामाला २००२ चं नोबेल मिळालं, ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना.

आता प्रोटीनचं. मला वाटायचं मरायचा हुकूम बाहेरून येत असेल. तसाही येतो, पण मला हलवून टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीनं, मरणाचं सगळं सामान प्रत्येक पेशीत आधीपासून तयारच असतं, फक्त बांधून ठेवलेलं. कॅस्पेज नावाची कापणारी प्रोटीन्स म्हणजे घरात गुंडाळून ठेवलेले कोयतेच. आणि बीसीएल-२ नावाचं प्रोटीन म्हणजे दावं. बिम नावाचं एक प्रोटीन आहे, ते मोकळं सुटलं की बॅक्स आणि बॅक ही दोघं उठतात आणि मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा मिळवून देणाऱ्या भागाच्या, बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात. म्हणून बीसीएल-२ बिमला आपल्या खाचेत धरून ठेवतं, बॅक्सलाही आवरतं.

भोकं पडली की आतून सायटोक्रोम सी बाहेर येतं. इथं मी वाचता वाचता थांबलेच, कारण हे तेच प्रोटीन जे एरवी पेशीला ऊर्जा मिळवून द्यायच्या कामात रात्रंदिवस राबतंय, आणि ते आपली जागा सोडून बाहेर आलं की तोच मरायचा निरोप. मग ॲपॅफ-१ नावाच्या प्रोटीनचे सात रेणू जोडून एक चाक बनतं, त्यावर कॅस्पेज-९ जागं होतं, ते कॅस्पेज-३ ला जागं करतं, आणि मग आतलं सगळं शिस्तीत कापलं जातं, डीएनएसुद्धा. पेशी फुटून सांडत नाही. तिच्या पडद्याच्या आतल्या बाजूचा एक स्निग्ध पदार्थ बाहेरच्या बाजूला येतो, ती खूण बघून शेजारच्या खाणाऱ्या पेशी येऊन तिला गिळतात.

बीसीएल-२ सापडलं ते लिम्फोमात, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या कॅन्सरात, १४ आणि १८ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल झालेल्या पेशींत. कॅन्सरचं जीन म्हणजे पेशी वाढवणारं असंच सगळे धरून चालायचे, पण १९८८ मध्ये मेलबर्नच्या लोकांनी दाखवलं की हे पेशी वाढवत नाही, मरूच देत नाही. अण्णांच्या रक्तातही तेच चाललंय, दावं लईच घट्ट झालंय आणि जुन्या लिम्फोसाइट पेशी मरायच्या थांबून नुसत्या साठत गेल्यात.

अण्णांच्या रिपोर्टमध्ये १७पी डिलीशन लिहिलंय, म्हणजे १७ नंबरच्या क्रोमोसोमचा एक तुकडा गायब, ते वाचून आधी माझे हातपाय गळाले होते. त्या तुकड्यात पी५३ चं जीन असतं. डीएनए बिघडला की पी५३ ओरडतं, मग प्यूमासारखी प्रोटीन्स तयार होऊन दावं सोडवतात. नेहमीची केमो बरीचशी त्या ओरडण्यावरच भरवसा ठेवून असते, ओरडणाराच नाही तर केमोचं काय चालणार. व्हेनेटोक्लॅक्स मात्र थेट बीसीएल-२ च्या खाचेत जाऊन बसतं, बिम मोकळं होतं, पी५३ असो नसो. २०१६ मध्ये अमेरिकेत याला पहिली मंजुरी मिळाली तीच मुळी १७पी डिलीशनवाल्या सीएलएल पेशंटसाठी.

आणि अण्णांचं उत्तर यातच आहे. दावी एकदम सुटली तर इतक्या पेशी एका वेळी मरतात की त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि त्यांच्या डीएनएपासून तयार होणारं युरिक ॲसिड सगळं रक्तात उतरतं, किडनीला ते झेपत नाही, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून २० पासून सुरुवात, म्हणून तांब्याभर पाणी, म्हणून ते रक्त तपासणं. हे मी सांगितलं तसं ते काही बोलले नाहीत, पण आता आई म्हणायच्या आत स्वतःच तांब्या भरून घेतात.

काल सकाळी दाढी करताना आरशासमोर मान वळवून बराच वेळ चाचपडत उभे होते. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती त्यांची, दाढी करताना ब्लेड तिथं नेहमी अडायचं. मला हाक मारली, माझा हात धरून तिथं नेला आणि म्हणाले, "बघ, लागती काय हाताला."

लागली, पण बोराएवढी. येत्या सोमवारी २००.