डिसेंबरात गोव्यातल्या वागातोरला गाणं ऐकायला जाताय?
रेल्वेने येत असाल तर मडगावपर्यंत जाऊ नका, थिवीला उतरा; वागातोर, हणजूण तिथून जवळ. स्कूटर भाड्याने घेताना नंबरप्लेट बघा, काळ्यावर पिवळी अक्षरं हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळते, पण पोलिसांनी अडवलं की सगळा ताप तुमच्याच डोक्याला.

कानांचं मात्र कुणी मनावर घेत नाही. स्पीकरजवळ आवाज सहज 100 डेसिबलवर जातो आणि तिथे 15 मिनिटंही खूप झाली. फोमचे इअरप्लग न्या. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सारा आणि फुगेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवा. नुसते कानाच्या तोंडाशी अडकवले तर उपयोग शून्य. वाळूचे हात तर लावूच नका.

मोबाइल झिपच्या पिशवीत ठेवा. चार्जिंगच्या भोकात वाळू गेलीच तर पिन खुपसू नका, मऊ ब्रशने झाडा.

वर्षातले ठरावीक सवलतीचे दिवस सोडले तर उघड्यावरचे लाऊडस्पीकर रात्री 10 ला बंद. मग सगळेच एकदम टॅक्सी शोधतात आणि अरुंद रस्ते तुंबतात. परतीची गाडी दुपारीच ठरवा.