बंड्या कुणाशी कसा वागतो

बंड्या आठ महिन्यांचा झाला तेव्हा घरात चार वेगवेगळी कुत्री पाळल्यासारखं वाटायचं. माझ्यासमोर शहाणा बाळ. नवरा ऑफिसातून आला की थेट छातीवर झेप, शर्टाच्या बाह्या दातांत. लेक पळाली की तिच्या पोटऱ्या. आणि सासूबाई जेवायला बसल्या की त्यांच्या खुर्चीशी लाळ गाळत ठिय्या.

‘दात येतायत’ हे कारण संपलं होतं. सातव्या महिन्यापर्यंत पक्के दात येऊन जातात. एका ट्रेनरने सांगितलं, तो मुलीला आपल्या खालचा समजतो, तिने त्याला उताणा पाडून दाबून धरायला हवं. नऊ वर्षांच्या पोरीने! ही ‘अल्फा’ची, म्हणजे दादागिरी करून कळपाचा म्होरक्या होण्याची, भाषा पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. तिला प्रसिद्धी मिळवून देणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. ट्रेनरला नमस्कार केला.

मग मी नुसतं बघत बसले. नवरा आल्या आल्या स्वतःच त्याला चिथवायचा आणि शर्ट फाटला की ओरडायचा. लेक किंचाळत पळायची. पळणारं, किंचाळणारं काही दिसलं की पाठलाग करायचा हे कुत्र्याच्या रक्तातच असतं. सासूबाई दहा वेळा ‘हड’ म्हणायच्या आणि अकराव्यांदा पोळीचा तुकडा टाकायच्या. कधीतरीच मिळणाऱ्या बक्षिसाने सवय जास्त चिवट होते. बंड्याने प्रत्येकाशी वेगळा व्यवहार ठरवला होता, आणि त्याच्या बाजूने तो चोख होता.

आधी शब्द एक केले. कुणी ‘सिट’, कुणी ‘बैस’, कुणी ‘गप रे’. फ्रिजवर कागद लावला: ‘बस’, ‘सोड’, ‘जागेवर’. प्रत्येकाने आपल्या हाताने खाऊ देऊन शिकवायचं, कारण मी शिकवलेलं ‘बस’ नवऱ्याच्या तोंडून त्याला नवीनच होतं. नवऱ्याने दारात उभं राहून चारही पाय जमिनीवर टेकेपर्यंत त्याच्याकडे बघायचंच नाही. मस्ती दोरीने, आणि ‘सोड’ म्हटलं की थांबायचं.

लेकीला ‘स्टॅच्यू’ खेळ कामी आला. बंड्या धावून आला की हाताची घडी घालून खांबासारखं उभं राहायचं. पहिल्यांदा त्याने तिच्या फ्रॉकचं टोक धरून झटका दिला, वर बघितलं, परत झटका दिला. ती हलेना. मग टोक सोडून तो खाली बसला आणि तिने मुठीतला चणा पुढे केला. मी मात्र हाताच्या अंतरावर होते. मूल आणि दात लावणारं कुत्रं यांना एकटं सोडायचं नाही, हा नियम अजून आहे.

मधे सगळं बिघडल्यासारखं झालं. पोळी बंद झाल्यावर तो आधीपेक्षा जोरात भुंकू लागला. जुनी युक्ती चालेनाशी झाली की आधी ती जोरात करून बघितली जाते, हे ठाऊक असूनही डोकं उठायचं. वय तर असंच होतं: ब्रिटनमध्ये अंधांसाठी तयार होणाऱ्या कुत्र्यांवरच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठव्या महिन्यात ती ‘बस’ हे आपल्या माणसाचं पूर्वीपेक्षा कमी ऐकत होती, परक्याचं नव्हे.

सासूबाईंशी तह झाला. त्यांचं जेवण होईपर्यंत बंड्या गोधडीवर. मग कांदा-लसूण न लागलेला पोळीचा तुकडा, त्याच्याच भांड्यात. मी घरी नसताना तह किती पाळला जातो, ते बंड्याच्या वजनावरून डॉक्टर दर खेपेला सांगतात.