गुडघा बदलून त्याच दिवशी घरी?

सांधेरोपण झालेल्या रुग्णांच्या घरी व्यायाम करून घ्यायला मी अनेक वर्षे जाते आहे. गुडघा बदललेल्या रुग्णाला त्याच दिवशी घरी सोडता येईल की नाही, हे शस्त्रक्रियागृहात कमी आणि त्याच्या घरातल्या संडासात जास्त ठरते, असे माझे आता पक्के मत झाले आहे.

वैद्यकीय बाजू एव्हाना भक्कम आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर उठवण्याची आणि लवकर खाऊ घालण्याची पद्धत डॅनिश सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात मांडली, आणि पुढे ती सांधेरोपणातही रुजली. रक्तस्राव आवरणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, लवकर उतरणारी पाठीतली भूल आणि मांडीच्या आतल्या बाजूला दिलेला, वेदना थांबवूनही स्नायूंची ताकद बरीचशी शाबूत ठेवणारा नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारे इंजेक्शन), यांमुळे रुग्ण काही तासांतच वॉकर धरून उभा राहतो. यांतली एकही गोष्ट श्रीमंत देशांची मक्तेदारी नाही.

विकसनशील देशांत अडते ते पहिल्या रात्री. ब्लॉक उतरू लागतो आणि संध्याकाळी हसत चाललेला माणूस मध्यरात्री कळवळू लागतो. एका आजींच्या मुलाने मला पहाटे फोन केला होता. गोळ्यांच्या पाकिटावर ‘दुखल्यास घ्यावी’ असे लिहिलेले होते आणि अगदी असह्य होईपर्यंत गोळी मागायची नाही, असे आजींनी मनाशी ठरवले होते. सुरुवातीचे काही दिवस या गोळ्या दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे घ्यायच्या असतात, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. घरात माणसे पाच होती, पण पोटरी सुजली, धाप लागली किंवा ड्रेसिंग भिजले तर कोणाला कळवायचे, हे पाचांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. घरी माणसे असतात म्हणून लवकर सोडायला हरकत नाही, हा युक्तिवाद मला त्यामुळेच अर्धवट वाटतो.

जिन्याचेही तसेच. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हे आम्ही दोन्ही बाजूंना कठडे असलेल्या तीन पायऱ्यांवर शिकवतो. घरचा जिना मात्र अरुंद असतो आणि कठडा असलाच तर एका बाजूला. (उलट प्रकारही होतो: जेथे विमा २४ तासांच्या भरतीवाचून पैसे देत नाही, तेथे ठणठणीत रुग्णही रात्रभर खाट अडवून बसतो.)

आता शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी मी घर पाहून येते. मागच्या खेपेला एका घरी फक्त उकिडवे बसायचा संडास होता आणि मागवलेली कमोडची खुर्ची पोहोचली नव्हती. रुग्ण दुपारीच छान चालला होता, लघवीही मोकळी झाली होती. तरी एक रात्र ठेवून घ्यावे, असे मी सर्जनना कळवले आणि त्यांनी ते ऐकले. खुर्ची दुसऱ्या दिवशी सकाळी आली.