नाइट शिफ्ट सोडलेल्यांना फॉर्म कोण देणार?

शनिवार, रात्री उशिरा

थिसिसच्या प्रपोजलचं टायटल आज परत बदललं. आता ते असं आहे, ऐरोलीतल्या आयटी आणि बीपीओ कर्मचाऱ्यांमधली शिफ्टची वेळ, झोपेची गुणवत्ता आणि जाणवणारा ताण. माझ्या गाइड मॅडमना टायटल छोटं हवं असतं आणि त्यात सगळं यायलाही हवं असतं, हे कसं जमवायचं ते त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही.

टूल्स, म्हणजे प्रश्नावल्या, मात्र ठरलेत. ताणासाठी परसीव्हड स्ट्रेस स्केल, शेल्डन कोहेन वगैरेंनी १९८३ मध्ये काढलेली, तिची नंतरची दहा प्रश्नांची आवृत्ती घेतेय, स्कोअर ० ते ४०. झोपेसाठी पीएसक्यूआय, म्हणजे पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स, १९८९ ची, सात भाग, स्कोअर ० ते २१, पाचाच्या वर गेला की झोप वाईट. सिनियर्सनी पण हीच वापरलीय, रेफरन्स मिळतात, व्हायवाला कोणी विचारत नाही. पण पहिलाच प्रश्न आहे की गेल्या महिन्यात तुम्ही रात्री साधारण किती वाजता झोपायला गेलात. आता जो माणूस रात्री नऊला कंपनीच्या कॅबमध्ये बसतो आणि सकाळी सातला घरी येऊन चहा पितो त्याने इथे काय लिहायचं? आणि रोटेशन असेल तर महिन्यातले काही दिवस रात्र, काही दिवस सकाळ, मग 'साधारण' असं काही उरतच नाही. म्हणून निकष टाकला की गेला पूर्ण महिना एकाच शिफ्टला असलेलेच घ्यायचे, आणि फॉर्मवर एक सूचना, रात्री म्हणजे तुमची मुख्य झोप, मग ती दिवसा का असेना. मॅडम म्हणाल्या, चालेल, पण टूलला बोट लावलंस तर ते मेथडमध्ये उघड लिही.

खरा घोळ वेगळाच आहे आणि तो आमच्या बिल्डिंगमध्येच सापडला. वरच्या मजल्यावरचा दादा बरीच वर्षं ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कला नाइटला होता, मी त्याला पायलटसाठी, म्हणजे फॉर्मच्या चाचणीसाठी, धरायला गेले तर म्हणाला, अगं मी कधीच सोडली नाइट, आता डे शिफ्ट, पगार कमी पण ठीक आहे. का सोडली विचारलं तर बाजूच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट दाखवलं. सकाळी आठला ड्रिल सुरू, मग कचरेवाला, मग कुरियर, मग काकू कुकर लावणार, झोप लागायची ती दुपारी तीनला. शेवटी शेवटी चिडचिड इतकी व्हायची की घरात कोणी बोलेना, बीपी निघालं, मग डॉक्टरच म्हणाले बस कर. आणि वर मला म्हणतो, माझ्या बॅचचे जे अजून नाइटला आहेत ना ते मजेत आहेत, त्यांना काही होत नाही.

घरी आले आणि तेच डोक्यात. त्यांना काही होत नाही म्हणून ते आहेत की! ज्यांना झालं ते सोडून गेले. मी आज ऐरोलीत जाऊन नाइटवाले आणि डेवाले मोजले तर नाइटवाले कदाचित ठणठणीत निघतील, आणि वरून दादासारखे लोक माझ्या डे ग्रुपमध्ये जाऊन बसतील, बिघडलेली झोप बरोबर घेऊन. याला हेल्दी वर्कर इफेक्ट म्हणतात, १९७६ चा मॅकमायकेलचा पेपर आहे, म्हणजे साथरोगवाल्यांना हे कधीचं माहितीय. मी वाचलेल्या थिसिसमध्ये मात्र कोणी हा ग्रुप वेगळा काढलेला दिसला नाही. माझ्या रिव्ह्यूमध्ये 'गॅप' म्हणून जे गुळगुळीत वाक्य होतं (भारतीय संदर्भात या विषयावर कमी अभ्यास झाला आहे, सगळ्यांचं हेच असतं) ते सरळ उडवलं आणि हे टाकलं.

मग तीन ग्रुप झाले, नाइट, डे आणि नाइट सोडलेले. इथे जी-पॉवर उघडलं, किती लोक लागतील ते काढणारं सॉफ्टवेअर. दोन ग्रुपला मीडियम इफेक्ट (ग्रुपमधला फरक मध्यम) आणि पॉवर (फरक असेल तर तो सापडायची शक्यता) ०.८० धरली तर १२८ लोक लागत होते, तीनला १५९, म्हणजे ग्रुपमागे ५३. (इफेक्ट छोटा, मीडियम, मोठा हे ठरवणारा कोहेन जेकब, स्ट्रेस स्केलवाला शेल्डन, दोघे वेगळे, व्हायवात नक्की कोणीतरी गोंधळ घालणार.) आकडा फार वाढत नाही, पण हे ५३ आणायचे कुठून? एचआर सोडून गेलेल्यांचे नंबर देणार नाही, देऊही नये. उरलं स्नोबॉल, एकाने दुसऱ्याचं नाव द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, आणि मग सगळे एकाच टीमचे, एकाच वयाचे निघायची भीती. तरी एक बरंय, सोडलेल्यांना मॅनेजरची भीती नसते. आत्ता कामावर असलेल्यांना एचआरच्या मेलने फॉर्म गेला तर कोण खरं लिहील? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या संशोधन-नैतिकतेच्या गाइडलाइन्समध्ये पण वरिष्ठांच्या हाताखालच्यांना वेगळं जपायला सांगितलंय. म्हणून कंपनीमार्फत जायचंच नाही असं ठरवलं, ठाणे स्टेशनला ट्रान्स-हार्बरच्या (ऐरोलीहून येणारी लोकल लाइन) प्लॅटफॉर्मवर सकाळी उतरणाऱ्यांना क्यूआर कोड द्यायचा. आई म्हणते, रात्रभर जागलेल्या माणसाला तू सकाळी फॉर्म भरायला लावणार? तिचा मुद्दा आहे. भरतील ते पुन्हा त्यातल्या त्यात ताजेतवाने असलेलेच. म्हणून लिंक घरी जाऊन, झोप झाल्यावर भरा असं कार्डावर लिहीन, किती जण भरतील देव जाणे.

मॅडमचा मेसेज आलाय, तिसरा ग्रुप लिमिटेशन्समध्ये एका ओळीत टाक, वेळेत संपवायचंय ना. वेळेचं त्यांचं बरोबर आहे, मार्चला सबमिशन. पण ज्यांच्यावर परिणाम झाला तेच लिमिटेशन्समध्ये टाकायचे तर मी मोजणार काय?

सोमवारी अकराला केबिनमध्ये बोलावलंय. प्रिंट तीन ग्रुपवाल्याचीच काढणारे. दोन ग्रुपवालं पेनड्राइव्हमध्ये असू दे.