चर्चला जावंसंच वाटत नाही आता

मागच्या रविवारी आई तयार होऊन दारात उभी, हातात पर्स, पर्समध्ये बायबल आणि 'उपासना संगीत', आमचं चर्चच्या गीतांचं पुस्तक. मी म्हटलं, आई तुला सोडून देते, मी नाही येत. ती म्हणाली, "काऊन गं, तब्येत बरी नाही का?" तब्येत एकदम बरी होती. आधी मी डोकं दुखतंय वगैरे सांगायची, यावेळी काहीच सांगितलं नाही, कारण खरं म्हणजे मला जावंसंच वाटत नाही आता.

आमच्या घरात हे बोलणं सोपं नाही. चार पिढ्या ख्रिस्ती, पणजोबा हिस्लॉप कॉलेजात शिकलेले. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या चर्च-संघटना एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते आपल्या नागपुरातच, आणि आजोबा तेव्हा सायकलने गेले होते, ती गर्दी त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली की मीच तिथे होते असं वाटतं. लहानपणी ताप असला तरी स्वेटर घालून शेवटच्या बाकावर बसवायचे.

आणि मला ते आवडायचं हो, मनापासून. कापणीच्या सणाचा लिलाव तर खासच. कोणी भोपळा आणायचं, कोणी अंडी, काटोलकडचे लोक संत्री, उपासना झाली की अंगणात बोली लागायची, आणि ज्याने घेतलं तोच ती वस्तू परत चर्चला देऊन टाकायचा, मग पुन्हा बोली. एका आजीबाईंनी फक्त सहा अंडी आणली होती, ती चारदा विकली गेली, आणि त्या माउलीचा चेहरा मला अजून आठवतो.

मग २०२० आलं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, ५ एप्रिलचा झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा पाम संडे, आम्ही किचनमध्ये, मसाल्याच्या डब्याला मोबाईल टेकवून केला. पुढे नोकरीसाठी पुण्याला गेले, तिथे पहिले दोन महिने चर्च शोधलं, नंतर शोधणं बंद झालं, कधी झालं ते कळलंही नाही. मध्ये एकदा फार आजारी होते, नागपूरच्या आमच्या चर्चमधल्या कोणाचा फोन आला नाही, वर्गणीचा मेसेज मात्र ग्रुपवर आला. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण खरं सांगू, त्याच्यामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही, त्याआधीच मन निघालेलं होतं.

मागच्या वर्षी नागपूरला परत आले. वाटलं आता सगळं जागेवर येईल. ओळीने पाच रविवार गेले, त्याच बाकावर बसले. आता गाण्याचे शब्द समोर पडद्यावर येतात. पूर्वी पाळक साहेब गीताचा नंबर सांगायचे आणि दीड-दोनशे लोक एकदम पानं उलटायचे, तो सळसळ आवाज, मग कोणाच्या तरी खोकल्यानंतर हार्मोनियमचा पहिला सूर. तो आवाजच नाही. आजीचं पुस्तक, खाकी कव्हर घातलेलं, काही ठिकाणी आपोआप उघडतं इतकं ती तिथं यायची, ते मांडीवर तसंच बंद पडून राहिलं. मी उभी राहिले, तोंडाने सगळं म्हटलं, प्रभूची प्रार्थना एकही शब्द न चुकता. आत काही हललं नाही. पाचव्या रविवारी मी पंखे मोजत होते.

देवावरचा विश्वास गेला का, असं एका मैत्रिणीने विचारलं. नाही गं. रात्री झोपताना प्रार्थना करते, सिग्नलवर करते, आईचं बीपी वाढलं की करते. ते सगळं आहे. फक्त रविवारी सकाळी त्या इमारतीत जायची ओढ नाही, आणि ओढून ताणून ती आणणं मला देवासमोर खोटं वाटतं.

तर त्या रविवारी आईला गेटवर सोडलं आणि घरी न जाता बाहेर कडुलिंबाखाली स्कूटीवरच बसून राहिले. आतून नारायण वामन टिळकांचं एक भजन ऐकू आलं, मी शेवटपर्यंत ऐकलं. आई बाहेर आली, काही बोलली नाही, आम्ही दोघींनी तर्री-पोहे खाल्ले. घरी उतरताना तिने पर्समधून आजीचं पुस्तक काढलं, म्हणाली, "हे तुझ्याकडे ठेवतेस का?"

म्हटलं नको, तुझ्याजवळच राहू दे.